ओळीतला दहावा माणूस

नाही रे, पलटण कसली! पलटण हा शब्द मागाहून आला, आणि तोही माझ्याच — ते येईल पुढे. तू आधी कॉफी पी, निवते आहे. नाही? खाली ठेवलीस? बघ, जॉर्डनमध्ये इरबिदच्या निर्वासित छावणीत वाढलास, जर्मनीत जाऊन यंत्रं शिकलास, पण आईने हे बरोबर शिकवलंय तुला. पाहुण्याने कप तोंडाला न लावता पुढ्यात ठेवला की यजमानाची मान अडकली. बरं बाबा, रामिज, तुझं मागणं मान्य. दिला शब्द. आता पी, उगीच म्हाताऱ्याला धाकात ठेवू नकोस.

मागणं तर तू दारातच सांगितलंस म्हणा. उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर चौकात तो दगड उभा करणार — ‘पहिले दहा’ — त्यावर तुझ्या वडिलांचं नाव आहे, फय्याद, सहावं की सातवं, आणि तुला चार शब्द बोलायचेत. वडील या गटात कसे आले, पहिल्या दिवशी काय म्हणाले, कसे दिसत होते. आणि गावाने तुला सांगितलं, उस्ताद नाइफकडे जा, इतिहासाचे मास्तर आहेत, डॉक्टरेट आहे त्यांची, सगळं डोळ्यांनी बघितलंय त्यांनी. बघितलंय, हो. बघण्यापलीकडे काही केलंय का हा प्रश्न वेगळा. पण तुला सांगतो, माझ्या आठवणीवर फार भार टाकू नकोस. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं की साक्षीदार हा सगळ्यांत कच्चा पुरावा, आणि आता मीच साक्षीदार होऊन बसलोय. ही गंमत बघ. — नाही, तू लिहून घे, लिहून घे. मी आपला बोलतो.

तर सुरुवात. सुरुवात याच खोलीत झाली. याच गाद्या, तेव्हा जरा जाड होत्या. दोन हजार बारा सालचा वसंत. हाजी सलामाचा थोरला मुलगा सरकारी सैन्याच्या नाक्यावर मारला गेला होता, आणि त्याच्या दफनाला गाव निघालं तर त्या माणसांवरही गोळ्या झाडल्या, दोघं तिथेच पडले. म्हणजे एका मुडद्यामागे निघालेले लोक तीन मुडदे घेऊन आले. तिसऱ्या दिवशी सांत्वनाला सगळे इथे बसलेले. मी कॉफी फिरवली. हाजीने कप घेतला आणि असा, तू ठेवलास तसाच, गुडघ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, मागा हाजी. ते म्हणाले, माणसं दे. मी म्हटलं, कसली माणसं? तर म्हणाले, ‘माझा धाकटा अजून जिवंत आहे. माझ्या दारापुढे उभी राहतील अशी माणसं दे.’ आता मी काय देणार, सांग? माझ्या घरात काय होतं — पुस्तकं, आणि एक मधुमेह. पण कप पुढ्यात आहे, चाळीस डोळे माझ्याकडे आहेत. मी म्हटलं, मान्य. एवढंच. ‘मान्य.’ लोक विचारतात ना, या गटामागे कोण होतं, कुठला देश होता, कुठला पक्ष होता, कुठला मौलवी? कुणी नव्हतं. एक म्हातारा हट्टाला पेटला होता आणि दुसऱ्या म्हाताऱ्याला नाही म्हणायची लाज वाटली.

मग माणसं. त्या दिवशी दोघं उठले, आठवड्याभरात नऊ झाले. उबादा, हा सैन्यातून पळून आलेला नाईक, खरी बंदूक चालवता येणारा हा एकटाच. डॉक्टर मुन्सिफ — त्यांना आम्ही डॉक्टर म्हणायचो, पण ते शेळ्यामेंढ्यांचे डॉक्टर. उबादा त्यांना म्हणायचा, ‘डॉक्टरसाहेब, मला गोळी लागली तर आधी बें बें करायचं का?’ हाजीचा धाकटा. एक मधमाश्या पाळणारा, एक गाडी शिकवणारा — त्याच्या गाडीला दोन ब्रेक होते, त्यामुळे पळ काढायला तीच गाडी घ्यायची की नाही यावर दोन दिवस वाद झाला. दोन साडू, एकमेकांशी सहा वर्षं अबोला. उबादा एकाला निरोप सांगायचा आणि दुसऱ्याने तो ऐकलाच नाही असं दाखवायचं. आणखी दोघं टोमॅटोचे शेतकरी. झाले नऊ? झाले. हत्यारं म्हणशील तर एक कलाश्निकोव्ह, उबादा घेऊन पळाला होता ती. चार तितर मारायच्या बंदुका. आणि हाजीच्या आजोबांचं एक पिस्तूल, फ्रेंचांच्या काळातलं, ते कुणावर झाडलं असतं तर झाडणाराच मेला असता. हे हाजीच्या दारापुढे पाळीपाळीने बसायचे, सूर्यफुलाच्या बिया फोडायचे, हाजीच्या सुना त्यांना नावं ठेवायच्या की सगळं अंगण टरफलांनी भरवलंत. हा आमचा बंडखोर गट. तुमच्याकडच्या पुस्तकांत काय काय लिहितात, मी वाचतो. सामाजिक पाया, वैचारिक घडण. अरे, अंगण झाडायला कोण येणार यावर यांची पहिली बैठक झाली.

पण मग आजूबाजूच्या गावांनी चित्रफिती काढून इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. तू पाहिल्या असशील. दहा-पंधरा माणसं ओळीत, मागे झेंडा, मध्ये एकजण कागद वाचतोय — आम्ही अमुक पलटणीची स्थापना जाहीर करतो. अशी चित्रफीत नसेल तर तुम्ही कुणाच्या खिजगणतीत नाही. जखमी घेऊन शेजारच्या गावी गेलात तर म्हणणार, तुम्ही कोण? तर उबादा माझ्याकडे आला. उस्ताद, आम्हाला मजकूर लिहून द्या. आणि मला — खोटं कशाला बोलू — मला फार बरं वाटलं. तीन आठवडे ही पोरं माझ्या एका शब्दावर उन्हात बसली होती आणि मी घरात बसून अल्जीरियाचा इतिहास वाचत होतो. मी बसलो लिहायला. सात खर्डे केले. नाव काय ठेवायचं यावर भांडणं. प्रत्येकाला कुणी ना कुणी सेनापती हवा होता, हजार वर्षांपूर्वीचा. मी म्हटलं गावाचंच नाव द्या, तल अश-शीह पलटण. गाडी शिकवणारा म्हणाला, उस्ताद, पलटण म्हणजे पाच-सहाशे माणूस, आपण नऊ. नाकापेक्षा मोती जड. मी म्हटलं, इतिहासात नावं आधी येतात, माणसं मागाहून येतात. टाळ्या पडल्या. असं वाक्य मला शाळेत कधी सुचलं नाही.

आणि ओळखपत्रं. हे — थांब, हे नीट सांगायला हवं. सैन्यातून फुटलेले जवान तेव्हा आपलं लष्करी ओळखपत्र कॅमेऱ्यापुढे धरायचे, मी अमुक, माझा क्रमांक अमुक. उबादाने स्वतः धरलं होतं. डॉक्टर मुन्सिफ म्हणाले, आपण तोंडं झाकू या, आपली बायकापोरं इथे आहेत. मला ते पटेना. मी म्हटलं, तोंड झाकून चोर येतात. तुम्ही चोर आहात का? दाराचं रक्षण करणारा माणूस तोंड लपवतो का? डॉक्टर म्हणाले, उस्ताद, मेंढरू लांडग्याला आपला पत्ता देत नाही. सगळे हसले. मी नाही हसलो. मी त्यांना अर्धा तास ऐकवलं — ज्या कागदावर नाव नाही तो पुरावा नाही, पन्नास वर्षांनी कुणी हे बघेल तेव्हा त्याला कळायला हवं की हे भाडोत्री नव्हते, परके नव्हते, यांना बाप होते, आजे होते, यांचा जन्म याच गावच्या दफ्तरात नोंदलेला आहे. प्रत्येकाने आपलं ओळखपत्र छातीशी धरायचं, अक्षरं वाचता येतील असं. डॉक्टरांनी मान्य केलं. माझ्यापुढे वादात कोण टिकणार? मी आयुष्यभर एवढंच तर केलं.

हो, हो, तुझ्या वडिलांकडेच येतोय. त्यासाठीच तर एवढं — आणखी कॉफी? नको. बरं.

जागा ठरली अबू सुहैलच्या तेलघाण्याचं आवार. दुपारची वेळ, उजेड चांगला. कॅमेरा आम्ही लग्नात चित्रण करणाऱ्याकडून मागून आणला होता. तो स्वतः आला नाही, शहाणा माणूस. कॅमेरा मी धरला. कुणीतरी धरायलाच हवा होता ना? नऊजण ओळीत उभे, मी डोळा लावला, तर डाव्या बाजूला भिंत मोकळी, आणि तिच्यावर हातभर निळ्या अक्षरांत — ‘अबू सुहैल आणि पुत्र यांचा तेलघाणा’. अबू सुहैल ओरडायला लागला, माझं नाव दिसलं तर उद्या घाणा जाळतील, उस्ताद, पोटावर पाय आणू नका! माणसं जरा सरकवली तर उजवीकडून झेंडा जातो. काय करावं? आणि आतून कुणीतरी गुणगुणत होतं. घाण्याची मोटर बिघडली होती, तिच्याखाली —

तिच्याखाली तुझे वडील होते. फय्याद मिस्त्री. सकाळपासून होते. त्यांचा याच्याशी — म्हणजे त्यांना माहीत होतं काय चाललंय, सगळ्या गावाला माहीत होतं. मी हाक मारली. फय्याद, दोन मिनिटं ये, इथे उभा राहा, या अक्षरांपुढे. बाहेर आले, हात काळे. म्हणाले, ‘उस्ताद, माझे हात तेलकट आहेत, कपडे असले, मला कशाला?’ मी म्हटलं, हात कोण बघतंय, नुसता उभा राहा. उंच होते, रुंद होते. नाव बरोबर झाकलं गेलं.

तुझ्याकडे ते चित्र आहे ना, फोनमध्ये? सगळ्यांकडे आहे. वडिलांच्या हातात बंदूक आहे, खांदे ताठ आहेत, आई म्हणते बघ कसा वाघासारखा उभा आहे. ती बंदूक डॉक्टरांची. डॉक्टरांना ती धरायचीच नव्हती, म्हणून त्यांनी ती यांना धरायला दिली. आणि खांदे ताठ होते कारण मी म्हटलं, फय्याद, पाठ भिंतीला लाव, एक अक्षर अजून दिसतंय.

बघ, मी म्हटलं होतं तुला, माझ्यावर भार टाकू नकोस. तुझा चेहरा — लिहायचं थांबवलंस. नाही, पण हेही लिही की ते हसत होते. कारण बाकीच्या नऊ जणांनी ओळखपत्रं धरली आणि मी म्हटलं, तूही धर, एकट्यानेच नाही धरलंस तर विचित्र दिसेल. त्यांनी खिशातून काढलं, बाहीला पुसलं, आणि म्हणाले, ‘यावर माझा फोटो फार भिकार आहे, बायको हसेल.’ मी म्हटलं, जरा वर धर. स्थिर धर. हं, आता वाचता येतंय.

भिंतीवरचं नाव झाकलं रे मी. आणि माणसाचं दाखवलं. किती वर्षं मी यावर विचार करतोय — भिंत वाचवायची अक्कल होती, म्हणजे अक्कल नव्हतीच असं नाही म्हणता येत. धोका कळत होता. फक्त तो घाण्याला आहे असं वाटलं.

ते गटात नव्हते, रामिज. आता बोललोच तर बोलतो. एक दिवस नव्हते. चित्रण संपलं, त्यांनी बंदूक डॉक्टरांना दिली आणि परत मोटरीखाली गेले, आणि उबादाला ओरडून सांगितलं की सेनापती, बाहेर जाताना माझा पाना लाथाडू नका. हे त्यांचे पहिल्या दिवशीचे शब्द. तू विचारलंस ना, पहिल्या दिवशी काय म्हणाले? हे म्हणाले.

मग पुढे — पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. नाही, तुला वेगळं माहीत आहे. तुझी आई सांगते की ते मोहिमेवर गेले होते, दमास्कसहून काहीतरी आणायला, आणि फितुरीने पकडले गेले. काहीतरी आणायलाच गेले होते. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. गावाचा पंप बसला होता, बेअरिंग दमास्कसलाच मिळायचं. आता बघ, त्या नऊजणांपैकी एकही नाक्यावरून जात नव्हता. वेडे होते का? त्यांना माहीत होतं आपण बंडखोर आहोत. ते शेतातून जात, वाळलेल्या ओढ्यातून जात. तुझा बाप नाक्यावरून गेला. बसमध्ये खिडकीशी बसून गेला. कारण त्याच्या मनात तो पंपाचा मिस्त्री होता, आणि मिस्त्रीला नाक्यावर कोण विचारतंय.

आणि तरी जाण्याआधी मला विचारायला आले होते. ते बाहेर डाळिंबाचं झाड आहे ना, तिथे उभे राहून. उस्ताद, तुम्ही शिकलेले, ती चित्रफीत कुणी बघत असेल का, जाऊ ना मी? आणि मी — मी त्यांना नको म्हणू शकलो असतो. पण नको म्हणायचं म्हणजे मान्य करायचं की मी त्या दिवशी चूक केली, डॉक्टर बरोबर होते. मी आत गेलो, संगणकावर बघितलं, बाहेर आलो आणि म्हटलं, फय्याद, एकशे बारा जणांनी बघितली आहे, त्यातला अर्धा आपलाच गाव आहे. जा बिनधास्त.

एकशे बारातला एक पुरला.

तुझ्या आईला मी कधी — कसं सांगणार? ती तुझा हात धरून सीमा ओलांडून गेली, तंबूत राहिली, बायकांच्या पंचायतीत तिला एवढाच आधार होता की माझा नवरा पहिल्या दहांतला. दर ईदला फोन करायची. ‘उस्ताद, खरं ना? दहांतले होते ना?’ मी म्हणायचो, हो उम रामिज, दहांतले. खोटं नव्हतं. ओळीत दहाच होते, मीच मोजले होते. आणि गेल्या डिसेंबरात सरकार कोसळलं, तुरुंग उघडले, तेव्हा दगडाची समिती बसली. त्यांनी मला अध्यक्ष केलं. मजकूर मी लिहिला. चित्रफीत लावून एकेक ओळखपत्र थांबवून थांबवून नावं उतरवून घेतली — सगळी वाचता आली. बिनचूक. उबादा गेला, हाजीचा धाकटा गेला, ज्याच्यासाठी हे सगळं झालं तोच. साडू वेगवेगळ्या बाजूंना जाऊन मिळाले, निदान बंदुकांनी तरी एकमेकांशी बोलले असतील. डॉक्टर स्वीडनमध्ये मांजरांचे डॉक्टर आहेत म्हणतात. फय्यादच्या नावापुढे ‘बेपत्ता’ लिहिलंय. आई ‘बेपत्ता’च म्हणते ना? ‘गेले’ म्हणू देत नाही कुणाला. माणूस तुरुंगात बारा-बारा वर्षं राहून परत आलेला तिने टीव्हीवर बघितलाय. आणि मी तिला काय म्हणणार, उम रामिज, आशा सोडा? हालही फार झाले नसतील म्हणावं, तसा मजबूत माणूस होता, सात आठवडे म्हणजे तिथल्या मानाने —

काय?

कुठले सात आठवडे? मी म्हणालो? नाही, मी आपलं — लोक सांगतात ना, साधारण —

बस. बस खाली, रामिज. उभा राहू नकोस असा.

आहे. कागद आहे. डिसेंबरात मी गेलो होतो दमास्कसला. सगळं गाव आपापल्या माणसांसाठी गेलं होतं, मी कुणासाठी गेलो हे कुणी विचारलं नाही. गुप्त पोलिसांच्या एका कचेरीत जमिनीवर घोट्याएवढे कागद पडले होते, लोक तुडवत होते. मी आयुष्यभर जुन्या कागदांत राहिलोय, मला शोधता येतं. दोन दिवस लागले. ते बघ, कपाटात, वरच्या फळीवर, निळ्या पुठ्ठ्यात. नाही, मला उठवत नाही. तूच काढ. — एकच पान आहे. वरचं चित्र माझ्या चित्रफितीतलं आहे, ओळखपत्राभोवती त्यांनी लाल रेघ मारली आहे. खाली लिहिलंय, गटाचा संस्थापक. बघितलंस? त्यांच्या फायलीत संस्थापक, आपल्या दगडावर संस्थापक. दोन्हीकडे मीच नेऊन बसवलं. आणि सगळ्यात खाली तारीख. पकडल्याच्या तारखेपासून मोज. सात आठवडे आणि दोन दिवस. कारण लिहिलंय हृदयक्रिया बंद. ते सगळ्यांच्याच कागदावर लिहितात.

मी देणार होतो. आधी म्हटलं थंडी सरू दे. मग म्हटलं रमजान होऊ दे, सणासुदीला कुठे. मग म्हटलं दगड उभा राहू दे, तिला तेवढा एक दिवस मिळू दे. मला नेहमी कारणं चांगली सुचतात.

नाव दगडावर ठेवायचं की काढायचं, ते मी सांगू शकत नाही. कारागीर दुपारपर्यंत चौकात आहे, त्याच्याशी बोल. काढलंस तरी बरोबर आहे. ठेवलंस तरी — त्या ओळीत सगळ्यांत जास्त किंमत कुणी दिली म्हणशील तर — नाही. नको. बघ, मी परत वाक्यं करायला लागलो.

तुझा फोन वाजतोय.

आई आहे ना? तिला माहीत आहे तू इथे येणार होतास. विचारेल, उस्तादांनी काय सांगितलं. उचल. — नको, माझ्याकडे नको देऊस. रामिज, हात मागे घे, मी बोलणार नाही. काय बोलू मी तिच्याशी? नको म्हणतो ना! घे, कागदही घेऊन जा, आणि बाहेर जाऊन बोल. इथे नको. मला ऐकू येईल इथे. जा.